बिनक्रमांकाची विजेती

आपल्या स्मरणिकेत इतिहासाचा लेख म्हटला की जिजाबाई, अहिल्याबाई नाही तर पंडिता रमाबाई, ह्यांपैकी कोणीतरी ठरलेलेच. ह्या थोर स्त्रियांविषयी आपल्या भगिनींनी आजवर इतके चांगले लिहिले आहे की त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. म्हणून ह्या वर्षी चिटणीसबाईंचा "इतिहासावर काहीतरी द्या" असा निरोप आला तेव्हा मी त्यांना भीतभीतच विचारले, "टेनिस खेळणाऱ्या बाईंवर लिहिले तर चालेल का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठच्या?" मी म्हटले, "बेल्जमच्या." त्यावर त्यांचा प्रश्न, "अहो, मग आपल्याकडे कोणी नाही का?" आहे, आणि तिच्याविषयीही पुढे दोन शब्द येतील. पण मला जी सांगावयाची आहे ती हकीकत बेल्जमच्या ह्या बाईंचीच आहे, आणि ती मी गेली कित्येक वर्षे मनात बाळगून आहे.

प्रथम हे सांगून टाकते की मी टेनिस कधी खेळले नाही. मंडळाच्या लिंबू-चमच्याच्या शर्यतीत एकदा तिसरी आले होते, एवढेच माझे क्रीडानैपुण्य. परंतु घरात मुलाला ह्या खेळाचे वेड, त्यामुळे गुणांची मोजणी मला पाठ झाली. १४ सप्टेंबर २००९ चा सोमवार होता. पितृपंधरवड्याचे दिवस. सकाळी साडेसहाच्या सुमारास मी कणीक भिजवीत होते आणि बाहेरच्या खोलीत दूरदर्शनचा आवाज चालू होता. न्यूयॉर्कला तेव्हा आदल्या दिवशीची, म्हणजे रविवारची, रात्र होती आणि अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेचा स्त्रियांचा अंतिम सामना रंगात आला होता. शेवटी शेवटी मुलाने हाक मारली, "आई, हे बघायला ये." कणकेचे हात तसेच घेऊन मी दारात उभी राहिले. बघते तो काय, त्या प्रचंड मैदानात एक दीड वर्षाची पोर, कुरळ्या केसांची, दुडुदुडु चालत होती. छायाचित्रकारांचा गराडा पडलेला, आणि पोरीला त्याचे काहीच नाही. तिला हवे होते चांदीच्या करंडकाचे झाकण. ज्या बाईंनी तो करंडक नुकताच जिंकला होता त्या एका हाताने करंडक आणि एका हाताने पोर सांभाळीत होत्या. कडेवर मूल घेऊन हातात पिशव्या धरणाऱ्या बाईची जी ओढाताण असते, अगदी तीच. मी मुलाला विचारले, "ह्या किती नंबरच्या खेळाडू?" तो म्हणाला, "हिला नंबरच नाही."

हे उत्तर मला समजले नाही, आणि समजले नाही म्हणूनच मी ह्या बाईंची माहिती मिळवीत गेले.

किम क्लायस्टर्स हिचा जन्म ८ जून १९८३ चा, बेल्जमच्या लिंबुर्ग प्रांतातील बिल्झेन ह्या गावचा. तिचे बालपण गेले जवळच्या ब्रे ह्या छोट्या गावी. बेल्जम हा देश मुळातच चिमुकला, पुणे जिल्ह्याच्या साधारण दुप्पट एवढाच. त्यातही उत्तरेकडे डच बोलणारे फ्लेमिश लोक आणि दक्षिणेकडे फ्रेंच बोलणारे वालून लोक, आणि दोघांमधून गेलेली भाषेची सीमा. भाषेच्या सीमेवरून घरेदारे, शाळा आणि निवडणुका कशा ढवळून निघतात हे आपणा महाराष्ट्रीयांना वेगळे सांगावयास नको. किम ही फ्लेमिश बाजूची. वडील लेई क्लायस्टर्स हे मोठे फुटबॉलपटू होते. राष्ट्रीय संघात बचावफळीत खेळत आणि १९८८ साली मेखेलेनच्या संघाबरोबर त्यांनी युरोपातील चषकविजेत्या संघांची स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी बेल्जममधील सर्वोत्तम खेळाडूस मिळणारा 'सोनेरी बूट' त्यांना मिळाला. आई एल्स ह्या जिम्नॅस्टिक्समध्ये नाव काढलेल्या. पुढे किम जेव्हा कोर्टाच्या पार टोकाला गेलेला चेंडू गाठण्यासाठी दोन्ही पाय भुईसरपट फाकून घसरत जाई आणि तेथूनही तो परत मारी, तेव्हा मला नेहमी वाटे की पायांतले बळ वडिलांचे आणि तो लवचीकपणा आईचा. धाकटी बहीण एल्के, तीही टेनिसच खेळे. असे ते घर.

सोळाव्या वर्षी, १९९९ मध्ये, ती विंबल्डनला गेली. तेथे तिला मुख्य स्पर्धेत सरळ प्रवेश नव्हता; आधी पात्रता फेऱ्यांतून वर यावे लागले. तशी आली, आणि चौथ्या फेरीपर्यंत पोचली. तेथे समोर कोण, तर लहानपणापासून जिला डोळ्यांसमोर ठेवले ती स्टेफी ग्राफ. किम हरली. ग्राफबाईंचे ते शेवटचे विंबल्डन होते, म्हणजे ही गाठ पडली ती अगदी वेळेवर. त्याच वर्षी लक्झेंबर्गला किमने व्यावसायिक स्पर्धांतील पहिले विजेतेपद मिळविले.

येथून पुढची चार-पाच वर्षे ही तिच्या हरण्याची वर्षे आहेत, असे म्हटले तर टेनिस जाणणारे लोक मला हसतील. कारण त्या काळात ती जिंकतही खूप होती. पण मोठ्या चार स्पर्धा, म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन आणि अमेरिकन, ह्यांचे वेगळेच आहे. त्यांत जो जिंकला तोच इतिहासात राहतो. २००१ साली पॅरिसला फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती पोचली तेव्हा ती पुरती अठरा वर्षांचीही नव्हती. वाढदिवस होता सामन्याच्या आसपासच. समोर अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती. पहिला सेट किमने ६-१ जिंकला, दुसरा ४-६ गेला, आणि तिसरा लांबत लांबत १०-१२ वर जाऊन संपला. फ्रेंच स्पर्धेतील स्त्रियांच्या अंतिम सामन्यात इतका लांब निर्णायक सेट त्यापूर्वी झाला नव्हता. सामना हरूनही ती हसत होती. तिचे हे हसणे पुढे तिला पुष्कळ महागात पडले. "हिच्यात जिंकण्याची ईर्षाच नाही, फार चांगली मुलगी आहे" असे लोक म्हणू लागले. चांगुलपणा हा दोष म्हणून स्त्रीच्या पदरी कसा बांधला जातो ते पाहा! खिलाडूपणाबद्दलचा पुरस्कार तिच्या सहखेळाडूंनी तिला आठ वेळा दिला, हेही येथेच सांगून ठेवते.

ह्या हकीकतीत दुसरी एक मुलगी आहे, तिच्यावाचून किमची गोष्ट अर्धी राहील. जस्टिन हेनिन ही किमहून एक वर्ष आणि एका आठवड्याने मोठी, वालून बाजूची, फ्रेंच बोलणारी, शरीराने लहानखुरी. १९९२ साली तिच्या आईने तिला पॅरिसला नेऊन फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना दाखविला होता, आणि येथे मी एक दिवस खेळेन असे त्या मुलीने आईला सांगितले होते. पुढे १९९५ साली कर्करोगाने आई गेली. जस्टिन तेव्हा बारा वर्षांची होती. एवढ्याशा देशात एकाच वेळी अशा दोन मुली निपजाव्यात, एक सीमेच्या ह्या बाजूची आणि एक त्या, हा योगायोग विलक्षणच. २००१ मध्ये दोघींनी मिळून देशाला सांघिक 'फेड चषक' पहिल्यांदा जिंकून दिला. पण समोरासमोर आल्या की गोष्ट वेगळी. २००३ ची फ्रेंच स्पर्धा, त्याच वर्षीची अमेरिकन स्पर्धा आणि २००४ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा, अशा तीन अंतिम सामन्यांत जस्टिनने किमला हरविले. पॅरिसच्या सामन्यात तर पहिला सेट ६-० असा गेला. जस्टिनने आईला दिलेला शब्द त्या दिवशी खरा केला, त्यामुळे मला किमसाठी वाईट वाटावे की जस्टिनसाठी आनंद व्हावा हेच कळेना.

तरी २००३ च्या ऑगस्टमध्ये किम जगात पहिल्या क्रमांकावर आली. चार मोठ्या स्पर्धांपैकी एकही एकेरीत न जिंकता पहिला क्रमांक मिळविणारी ती पहिलीच स्त्री. हे तिचे कौतुक म्हणून कोणी सांगितले नाही. टोमणा म्हणूनच सांगितले. मग २००४ मध्ये डावे मनगट दुखावले, शस्त्रक्रिया झाली, जवळजवळ वर्ष वाया गेले आणि क्रमांक घसरत शंभराच्याही खाली गेला. २००५ मध्ये ती परतली आणि एका मागून एक स्पर्धा जिंकत न्यूयॉर्कला आली. तेथे अंतिम सामन्यात फ्रान्सच्या मेरी पियर्सला ६-३, ६-१ असे हरवून तिने एकदाचे मोठे विजेतेपद घेतले. आधीच्या स्पर्धांतील यशामुळे बक्षिसाची रक्कम दुप्पट होऊन २२ लाख डॉलर झाली. स्त्री-खेळाडूस तोपर्यंत मिळालेले ते सर्वांत मोठे बक्षीस.

आणि एवढे झाल्यावर, २००७ च्या मे महिन्यात, चोविसावे वर्ष पुरे होण्याच्या आधीच, तिने खेळ सोडला. अंग सारखे दुखत होते, कंटाळाही आला होता, आणि संसार करावयाचा होता. जुलैत ब्रायन लिंच ह्या अमेरिकन बास्केटबॉलपटूशी तिचे लग्न झाले. २००८ च्या फेब्रुवारीत मुलगी झाली. २००९ च्या जानेवारीत, नात दहा महिन्यांची असताना, लेई क्लायस्टर्स कर्करोगाने वारले. माहेरच्या अंगणात एकाच वर्षात पाळणा आणि तिरडी दोन्ही यावीत, हे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्या भगिनींना पुढचे सांगावयास नको.

आता टेनिसची क्रमवारी कशी चालते ते सांगते, म्हणजे माझ्या मुलाच्या त्या वाक्याचा अर्थ लागेल. मागील बावन्न आठवड्यांत खेळाडूने जे सामने जिंकले त्यांचे गुण जमा होतात आणि दर आठवड्याला यादी निघते. आज जिंकलेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमारास गळून पडतात. म्हणजे हा संचय नव्हे. हे रोजचे दूध आहे, रोज तापवावे लागते. वर्षभर खेळली नाही की त्या बाईचे नावच यादीतून जाते. मग तिने मागे काय काय जिंकले होते ह्याची यादीला फिकीर नाही. आजारी किंवा जखमी खेळाडूसाठी काही सवलत असे, बाळंतपणासाठीही जवळजवळ तशीच. जणू बाळंतपण म्हणजे मोडलेला पायच! पण किमने तर निवृत्तीच जाहीर केली होती, त्यामुळे तिला तेवढाही आधार नव्हता.

हे वाचताना मला काय आठवले ते लिहावे की नाही ह्याचा मी पुष्कळ विचार केला. एका कचेरीत मी सात वर्षे टंकलेखिका होते. दुसऱ्या खेपेला मूल अशक्त होते, रजा वाढवून मिळेना, तेव्हा राजीनामा दिला. सहा वर्षांनी पुन्हा त्याच कचेरीत घेतले, पण नव्याने. पगार पहिल्या पायरीचा आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत नाव सर्वांत खाली. जिला मी स्वतः शॉर्टहँड शिकविली होती तिच्या हाताखाली मी बसू लागले. ती मुलगी फार गुणी, मला "ताई" म्हणूनच हाक मारी. पण दर वर्षी यादी फलकावर लागली की मी मान खाली घालून जात असे. सात वर्षे मी टंकलेखन केले होते ते कोठे गेले, हे मला कोणी सांगू शकले नाही. राजीनामा मीच दिला होता, कोणी हात धरून लिहविला नव्हता, हेही खरे. किमचेही तसेच. असो.

तर २००९ च्या आरंभी विंबल्डनच्या मंडळींनी मुख्य कोर्टावर सरकते छप्पर बसविले होते. ते बंद करून पाहण्यासाठी मे महिन्यात त्यांनी एक हौशी सामना ठेवला. स्टेफी ग्राफ, आंद्रे आगासी आणि टिम हेन्मन ह्यांच्याबरोबर चौथी म्हणून किमला बोलावले. नुसते जाऊन फजिती नको म्हणून तिने सरावास सुरुवात केली, आणि सराव करता करता हात पुन्हा खेळाला चटावला. छपराचा सामना होण्याच्या आधीच, मार्चमध्ये, तिने पुन्हा स्पर्धेत उतरत असल्याचे जाहीर करून टाकले. ऑगस्टात सिनसिनाटी आणि टोरांटो येथे ती दोन स्पर्धा खेळली. त्या वेळचे नियम असे, की तीन स्पर्धा झाल्यावाचून यादीत नाव चढत नाही. म्हणून तिसऱ्या स्पर्धेला, अमेरिकन अजिंक्यपदाला, ती आली ती क्रमांकावाचून. प्रवेश मिळाला तो आयोजकांच्या खास निमंत्रणावर. त्याला 'वाइल्ड कार्ड' म्हणतात. ज्या मैदानावर चार वर्षांपूर्वी करंडक उचलला त्याच मैदानावर पाहुणी म्हणून.

त्या पंधरवड्याचे सामने मी नंतर एकेक करून पाहिले. चौथ्या फेरीत व्हीनस विल्यम्स होती. पहिला सेट किमने ६-० जिंकला, दुसरा तसाच ०-६ गमावला. असा सामना मी दुसरा पाहिला नाही. जणू दोघींनी एकमेकींना वाढून द्यावे! तिसरा ६-४ असा किमकडे आला. पुढे चीनच्या ली ना हिला हरवून ती उपान्त्य फेरीत गेली, आणि तेथे व्हीनसची धाकटी बहीण सेरेना, आदल्या वर्षीची विजेती.

ह्या सामन्याचा शेवट विचित्र झाला. पहिला सेट ६-४ असा किमने घेतला तेव्हाच सेरेनाने रागाने रॅकेट आपटली आणि तिला ताकीद मिळाली. दुसऱ्या सेटमध्ये ५-६ अशा स्थितीत सेरेना सर्व्हिस करीत होती. दुसरी सर्व्हिस करताना तिचा पाय रेषेवर पडल्याचे रेषापंच बाईंनी सांगितले, तो गुण गेला आणि किम विजयापासून एका गुणावर आली. सेरेनाचा तोल सुटला. त्या बाईंना ती नको नको ते बोलली. दुसरा गुन्हा म्हणून तिचा आणखी एक गुण कापला गेला, आणि सामना तेथेच संपला. किम पलीकडच्या बाजूला उभी, काय झाले हे तिला कळेचना. विजय मिळाला खरा, पण चेंडू न मारता. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, संकोच होता. घरात दोन माणसे भांडत असता मधेच आलेल्या पाहुणीचा असतो तसा. काही लोक त्यानंतर म्हणाले की तिला फुकट जिंकायला मिळाले. त्यांनी गुणफलक पुन्हा पाहावा. एक सेट आणि सहा-पाच अशी ती पुढेच होती.

अंतिम सामना डेन्मार्कच्या एकोणीस वर्षांच्या कॅरोलिन वोझ्नियाकीशी झाला. सुरुवातीला किम चुका करी. एकदा वाटले हातातून जाते की काय. मग तिने तो सेट ७-५ घेतला आणि दुसरा ६-३. शेवटचा फटका मारल्यावर ती कोर्टावर खाली बसली आणि रडू लागली. करंडक घेताना ती सांगत होती की लेकीला येथे येता यावे म्हणून तिची झोपेची वेळ आज जरा पुढे ढकलली. भगिनींनो, जगातली एक मोठी स्पर्धा जिंकल्यावर हजारो लोकांसमोर बोलावयाचे पहिले विषय कोणते, तर पोरीची झोप! मला त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला तो फटक्यांसाठी नव्हता.

निमंत्रणावर प्रवेश घेऊन स्त्रियांच्या एकेरीचे मोठे अजिंक्यपद जिंकणारी ती पहिली ठरली. आई झाल्यावर असे अजिंक्यपद जिंकणाऱ्या स्त्रिया मात्र तिच्या आधीही होऊन गेल्या आहेत, आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक असावीत. डोरोथिया लँबर्ट चेंबर्स ह्या इंग्रज बाईंनी १९१४ साली विंबल्डन जिंकले तेव्हा त्या दोन मुलांच्या आई होत्या. घोट्यापर्यंतचा झगा घालून खेळत. ऑस्ट्रेलियाच्या मार्गारेट कोर्ट ह्यांना १९७२ मध्ये मुलगा झाला आणि १९७३ मध्ये त्यांनी चारांपैकी तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. इव्होन गूलागाँग ही ऑस्ट्रेलियातील आदिवासी समाजातली. १९७७ मध्ये मुलगी झाली, १९८० मध्ये तिने विंबल्डन जिंकले. त्यानंतर एकोणतीस वर्षे कोणी नाही. एकोणतीस वर्षांत आई होणाऱ्या मुलींना खेळता येईनासे झाले होते असे थोडेच आहे? खेळात पैसा वाढला, प्रवास वाढले, यादी दर आठवड्याला निघू लागली, आणि परतीची वाट अरुंद होत गेली, असे मला वाटते.

न्यूयॉर्कच्या विजयानंतरच्या यादीत किमचे नाव एकदम १९ व्या क्रमांकावर आले. पुढे २०१० मध्ये तिने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. व्हेरा झ्वोनारेव्हाचा अंतिम सामन्यात अगदीच निभाव लागला नाही. २०११ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धेत ली ना हिला तीन सेटमध्ये हरवून चौथे अजिंक्यपद घेतले, आणि १४ फेब्रुवारी २०११ ला ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर आली. संगणकावरची क्रमवारी १९७५ मध्ये सुरू झाल्यापासून आई असलेली पहिल्या क्रमांकाची ती पहिलीच स्त्री. तो मान आठवडाभरच टिकला. पण क्रमांकाचे काय, तो गळावयाचाच असतो.

जस्टिनचे काय झाले हे विचाराल. तिने २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावर असतानाच खेळ सोडला होता. किम परत येऊन जिंकली ते पाहून तीही परतली, आणि २०१० च्या जानेवारीत ब्रिस्बेनला दोघी पुन्हा अंतिम सामन्यात समोरासमोर. तिसऱ्या सेटचा निकालही टायब्रेकवर गेला; किम जिंकली. जन्मभरात दोघी पंचवीस वेळा खेळल्या. किम तेरा, जस्टिन बारा!

नियम बदलण्यास मात्र वेळ लागला. २०१७ मध्ये सेरेना विल्यम्सला मुलगी झाली. रजेवर गेली तेव्हा ती पहिल्या क्रमांकावर होती. २०१८ च्या फ्रेंच स्पर्धेला परतली तर मानांकन नाही. जिने नऊ वर्षांपूर्वी क्रमांक नसलेल्या आईकडून हार खाल्ली, तिच्यावरच आता ती पाळी आली. ह्यावर बरीच ओरड झाली. बेलारूसची व्हिक्टोरिया अझारेन्का, तीही आई, खेळाडूंच्या समितीत हा प्रश्न लावून धरीत होती. अखेर २०१८ च्या डिसेंबरात स्त्रियांच्या टेनिस संघटनेने ठरविले की बाळंतपणानंतर जुना क्रमांक तीन वर्षांपर्यंत बारा स्पर्धांना वापरता येईल, आणि अशा आईची पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडूशी गाठ पडणार नाही. भरपगारी म्हणावी अशी प्रसूतिरजा, बारा महिन्यांपर्यंतची, तर २०२५ च्या मार्चमध्ये आली. हे वाचून मी तारखा ताडून पाहिल्या. आपल्या मुंबई प्रांतात गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला १९२९ साली, आणि आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. गिरणीतल्या बाईला जे तेव्हा, कागदावर का होईना, मिळाले, ते लक्षावधी डॉलर मिळविणाऱ्या बायकांच्या धंद्यात येण्यास आणखी शहाण्णव वर्षे लागली.

चिटणीसबाईंना दिलेला शब्द आता पाळते. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली आपली सानिया मिर्झा २०१८ मध्ये आई झाली आणि २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे, परतल्यावरच्या पहिल्याच स्पर्धेत, दुहेरीचे विजेतेपद घेऊन गेली. परंतु एकेरीतील चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी किमनंतर कोणा आईने २०२५ अखेरपर्यंत जिंकलेली नाही. सेरेना चार वेळा अंतिम फेरीत पोचून चारही वेळा हरली.

किमने २०१२ मध्ये दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली, पुन्हा न्यूयॉर्कलाच, अठरा वर्षांच्या लॉरा रॉबसनकडून दोन टायब्रेक हरून. त्या स्पर्धेत तोवर ती ओळीने बावीस सामने जिंकली होती. नंतर दोन मुलगे झाले. २०१७ मध्ये टेनिसच्या सन्माननीयांच्या दालनात तिचे नाव लागले. आणि मग, छत्तिसाव्या वर्षी, तीन मुलांची आई असताना, २०२० च्या फेब्रुवारीत ती तिसऱ्यांदा मैदानात उतरली. दुबईला गार्बिन्ये मुगुरुसाने तिला ६-२, ७-६ असे हरविले. त्यानंतर साथीचा काळ आला, दुखणी आली. ह्या तिसऱ्या डावात ती एकेरीचे पाच सामने खेळली आणि पाचही हरली. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिने रॅकेट ठेवली.

२००९ च्या सामन्याचे चित्रण माझ्या मुलाने मला काढून दिले आहे. त्याच्याजवळ दुबईच्या सामन्याचाही दुसरा सेट आहे, आणि खरे सांगावयाचे तर मला तोच अधिक आवडतो. पहिला सेट साफ गेल्यावर ती टायब्रेकपर्यंत कशी झुंजली ते बघावे. ज्या भगिनींना पाहावयाचे असेल त्यांनी बुधवारी दुपारी शिवणवर्ग सुटल्यावर माझ्याकडे यावे. चहा मी करीन. लहान मुले घरी ठेवून येण्याची गरज नाही.